कंसात घाटघर

लग्नपत्रिकेतलं नाव खोडणं हे माझं काम नव्हे. ते गिऱ्हाईक करतं. खोडलेलं नाव चुकून छापलं जाऊ नये, एवढंच माझं काम. नारायणगावात एसटी स्टँडच्या मागं कुंडलिकशेठचा छापखाना होता, तिथं मी बावीस वर्षं प्रूफं वाचली.

आमच्या जुन्नर-आंबेगावकडची पत्रिका म्हणजे गावची मतदारयादीच. नवरा-नवरीचं चार ओळींत उरकतं. खाली मग चुलते, मामा, मावसे, दाजी, सोसायटीचे चेअरमन, माजी चेअरमन आणि जे कशातच बसत नाहीत ते 'समस्त भावकी'. लग्न मोडलं तर दोन घरं रुसतात. पत्रिकेत नाव राहिलं तर अख्खं शिवार रुसतं आणि पुढची दहा वर्षं रुसलेलं राहतं.

म्हणून प्रूफ दाखवायची पद्धत. गिऱ्हाईक बाकावर बसायचं, चहा घ्यायचं आणि माझ्याकडं लाल पेन मागायचं. मग कुणी बांधावरून भांडलेल्या भावाचं नाव खोडायचं, कुणी मागच्या निवडणुकीत उलटलेल्या मेव्हण्याचं. खाली सही करायची. ते सहीचं प्रूफ मी वर्षभर हिरव्या कपाटाच्या तळच्या खणात जपून ठेवायचो. कारण पुढं तीच माणसं भावकीत सांगायची, "आमी तर नाव दिलं व्हतं, छापखान्यानं खाल्लं." तसं कुणी म्हणालं की कुंडलिकशेठ खण उघडून लाल रेघ दाखवायचे आणि विषय संपायचा.

आषाढ लागला की मुहूर्त संपतात, ते थेट तुळशीचं लग्न लागेपर्यंत. शेठनं शहाण्णव साली पुण्याहून जुनं ऑफसेट मशीन आणलं आणि त्याच पावसाळ्यात त्यांना कळलं की चार महिने ते नुसतं उभं राहणार. त्यांना बसलेला माणूस चालायचा, बसलेलं मशीन चालायचं नाही. स्टँडवरच्या पेपरवाल्याकडं पोरं हिंदी कॉमिकं वाचत उभी असतात, हे त्यांनी पाहिलं होतं.

"सुभाषभाऊ, तुमी कॉलेजात कविता करायचा ना?" ते म्हणाले. "मग हे बी लिवा."

चित्रं काढायला जानकू होता. तो ट्रकच्या मागं मोर काढायचा आणि कुस्त्यांच्या आखाड्याचे बोर्ड रंगवायचा. त्यामुळं आमचे सगळे वीर मानेनं पैलवान आणि डोळ्यांनी मोर झाले. कॉमिकचं नाव ठेवलं 'वज्रचौकडी'. चौघं वीर, त्यांचा अड्डा मुंबईत पंचविसाव्या मजल्यावर. एखादा वीर आपल्याकडचा घेऊ, असं मी सुचवून पाहिलं होतं. शेठ म्हणाले, "आपल्या गावचा माणूस उडतोय म्हणल्यावर लोक पैलं त्याच्या बापाला इचारतील. नको." त्यांचं बरोबर होतं.

दुसऱ्या वर्षीच्या पहिल्या अंकाला घोळ झाला. मशीनवर एका वेळी चढणारा फर्मा सोळा पानांचा आणि गोष्ट पंधराव्या पानावर संपली. जानकू गणपतीच्या देखाव्यांच्या कामावर निघून गेलेला. सकाळी फर्मा मशीनवर चढवायचा होता आणि एक पान कोरं. चित्राशिवाय भरेल असं काहीतरी हवं होतं. मला चित्राशिवाय एकच गोष्ट येत होती, ती म्हणजे नावांची यादी. मी वर मथळा टाकला, 'राखीव फळी'. खाली नियम लिहिला: 'चौकडीतले चौघेही एकाच वेळी अडकले, तरच राखीव फळीला बोलावणे जाईल.' आता सात नावं पाहिजे होती. मी तळचा खण उघडला.

खोडलेली नावं मोकळी असतात, त्यांच्यावर कुणाचा हक्क नसतो, असा माझा तेव्हाचा विचार. त्यात वाईट काही वाटलं नाही. वारूळवाडीच्या सोपानला त्याच्या सख्ख्या भावानं पुतण्याच्या पत्रिकेतून काढलं होतं. त्याला मी शक्ती दिली की त्याचा आवाज सात शिवारांपलीकडं पोचतो. खोडदच्या कुशाबाईला आकाशातलं बोलणं ऐकू येतं; तिच्या शेताला लागून रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड तबकड्या, म्हणून. असं करत सहा झाली. सातवं नाव एका पोराच्या लग्नाच्या पत्रिकेतलं. प्रूफाला टाचलेला मूळ मजकूर शाळेच्या वहीच्या कागदावर, शाळकरी मुलीच्या गोल अक्षरात होता: 'सौ. भागूबाई (घाटघर) व श्री. गेणभाऊ यांचे चिरंजीव'. गिऱ्हाइकानं प्रूफाची वाट न बघता त्या कागदावरच भागूबाईवर लाल रेघ मारली होती आणि वर जाड अक्षरात 'अंबाबाई' लिहिलेलं. मी 'भागूबाई (घाटघर)' उचललं, कंसासकट. घाटघर नाणेघाटाच्या तोंडाशी; पावसाळ्यात तिथं आपला हात आपल्याला दिसत नाही. म्हणून शक्ती लिहिली: 'दाट धुक्यातही आरपार दिसते.' आणि घरी जाऊन जेवलो.

माझी चूक अशी झाली की कॉमिक वाचणारं पोर असलं तरी घरात कागद सगळेच हातात घेतात. आणि आमच्याकडच्या माणसाला यादी दिसली की तो आधी आपलं नाव शोधतो. पत्रं आली. चौकडीनं कालकंटकाचा किल्ला कसा फोडला, याबद्दल एकाही पत्रात अक्षर नव्हतं. 'आमच्या गावचे एकही नाव नाही, हे बरे नव्हे.' 'कुशाबाई वयाने मोठ्या असून त्यांचे नाव सोपानच्या खाली का?' एका सरपंचानं तर लेटरहेडवर पाच नावं पाठवली, शक्ती आपल्या सोयीनं टाकाव्यात म्हणून.

आठव्या दिवशी खुद्द सोपान आला. तो जत्रांत आणि लग्नांत माइकवर बोलायचा. त्याचा आवाज खरंच मोठा आहे, हे मला तेव्हा कळलं. त्यानं वीस अंक घेतले आणि बाजारात ओळखीच्या माणसांना वाटले. "पत्रिकेत न्हाई तर न्हाई, हितं तर हाय!" असं तो प्रत्येकाला सांगत होता. त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याचा भाऊ आला. "त्याचं नाव हितनं बी खोडा," म्हणाला. शेठनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "ही पत्रिका नाही, आणि ह्याचं गिऱ्हाईक तुम्ही नाही." ह्यात शौर्य काही नव्हतं. अंक छापून झाला होता.

त्यानंतर राखीव फळी प्रत्येक अंकात टाकावीच लागली. बोलावणं मात्र कधी गेलं नाही. चौकडी कामसू होती. चौघं एकाच वेळी अडकतील असा प्रसंग मी कधी येऊच दिला नाही. दर पावसाळ्यात तीन अंक निघायचे आणि शेवटच्या पानावर ती सात माणसं तशीच बसून राहायची.

२००१ च्या भाद्रपदात एक बाई छापखान्यात आली. चाळिशीच्या पुढची, उभट चेहऱ्याची, पायात प्लॅस्टिकच्या चपला आणि हातात कापडी पिशवी. पहिल्या एसटीनं निघून जुन्नरला गाडी बदलून आली होती. ती बाकाच्या कडेवर टेकली.

"राखीव फळी कोन लिवतं?"

"मी."

"म्या भागूबाई. घाटघरची."

मी उभा राहिलो. का, ते सांगता येणार नाही. प्रूफ वाचणाऱ्याला नावं भेटतात, माणसं भेटत नाहीत.

ती आश्रमशाळेत स्वयंपाकाला होती. तिथल्या पोरांनी तिला यादी वाचून दाखवली होती, आणि मागची दोन वर्षं ती पोरं तिला रोज तेच विचारत होती. "मावशी, तुमाला कवा बोलवनार, म्हनत्यात. म्या म्हनते, चौघं धड हायत तवर कशापायी बोलवतील? पर खरं सांगा, बोलवनार का?"

"तसं काही ठरलेलं नाही," मी म्हणालो.

"मग ऱ्हाऊ द्या. त्येच्यासाठी नाय आले मी." तिनं पिशवी बाकावर ठेवली. "माझं नाव तुमाला कुठं घावलं?"

सुचलं, असं म्हणता आलं असतं. भागूबाई काही जगावेगळं नाव नव्हे. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. म्हणाली, "घाटघरात भागू तिघीजनी हायत. पर माझ्या सासरचं घर डिंभ्याच्या धरणात गेलं, न मग आमी घोडेगावच्या खाली ऱ्हायला आलो. तिथं मला समदी 'घाटघरची' म्हनायची. तुमी बी तसंच लिवलंय."

तळच्या खणात प्रूफ वर्षभरच राहायचं. ज्यातून ती सात नावं उचलली तो गठ्ठा मी चार वर्षं का ठेवला, हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. मी तो काढला, कागद तिच्यापुढं धरला आणि नावावर बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं. माझं बोट बाजूला झाल्यावर तिनं तिथं आपलं ठेवलं.

"ही रेघ?"

"गिऱ्हाइकानं मारलेली."

"म्हंजी यांनी." तिनं रेघेवरून बोट फिरवलं. "मग नाव कुनी लिवलं व्हतं?"

मी तिला जे दिसत होतं ते सांगितलं. शाळेच्या वहीचा कागद आहे. अक्षर गोल, मुलीचं. नावाखाली फूटपट्टीनं रेघ ओढली आहे, शाळेत मथळ्याखाली ओढतात तशी. आणि कंसात घाटघर लिहिलं आहे, म्हणजे कोण भागूबाई, याचा घोटाळा होऊ नये.

"वैजू," ती म्हणाली. "वैजयंती. माझी पोरगी."

बाकीचं तिनं बाजारहाटाचं सांगावं तसं सांगितलं. गेणभाऊनं अंबाबाईला घरात आणली, त्या वर्षी ही निघून माहेरी, घाटघरला आली. दोन्ही मुलं त्यानं ठेवून घेतली. वैजू तेव्हा दहाची होती. नंतर मंचरच्या बाजारात ती दोनदा लांबून दिसली, पण जवळ आली नाही. "मला वाटायचं, पोरीनंच मला टाकलं. यांचं जाऊ द्या. पर पोरगी बी इसरली, असं धरून बसले व्हते." तिचं बोट अजून कागदावरच होतं. मला फार वाईट वाटलं. चार वर्षं तो कागद माझ्या पायाशी, खणात पडून होता.

निघताना ती म्हणाली, "औंदा वैजूचं लगीन काढलंय, कळलं मला. पत्रिका तुमच्याकडंच येनार. तेवढं माझं नाव ऱ्हाऊ द्या. मला मान नगं, आहेर नगं. पोरीची आय कोन, एवढं लोकास्नी कळू द्या."

"गिऱ्हाइकानं खोडलं तर मला ते काढावं लागतं," मी म्हणालो.

"तुमचं काम हाय त्ये," ती म्हणाली. पिशवीत हातसडीचे तांदूळ होते, ते बाकावर ठेवून गेली. मी तिला खोटं आश्वासन दिलं नाही, याचं मला त्या दिवशी समाधान वाटलं होतं. आता वाटत नाही.

त्याच महिन्यात शेठनं कॉमिक बंद करायचं ठरवलं. पोरांना टीव्हीवर चोवीस तास कार्टून मिळायला लागलं होतं आणि अंकांचे गठ्ठे तसेच परत यायचे. शेवटच्या अंकात राखीव फळीला बोलवावं, असं माझ्या मनात आलं. चौघांना मी एका बोगद्यात अडकवलंही. पण बोलावल्यावर त्या सात माणसांनी करायचं काय, ते सुचेना. दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी बोगद्याला मागून दार काढलं, चौकडी बाहेर आली आणि जिंकली. शेवटच्या पानावर राखीव फळीची यादी नेहमीप्रमाणं छापली.

तुळशीचं लग्न झालं आणि गेणभाऊ आला. उंच, सावळा, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. टोमॅटोत बरं चाललेला माणूस. मजकुराचा कागद त्यानं दिला आणि मी अक्षर ओळखलं. आता ते जरा तिरकं आणि सफाईदार झालं होतं, पण नावाखालची रेघ तीच. 'सौ. भागूबाई (घाटघर) व श्री. गेणभाऊ यांची कन्या'. मी मुकाट्यानं जुळणी करून प्रूफ काढलं आणि त्याच्या हातात दिलं. त्यानं लाल पेन मागितलं.

"मुलीनं लिहिलंय, गेणभाऊ," मी म्हणालो. "राहू द्या की." बावीस वर्षांत गिऱ्हाइकाला असं मी पहिल्यांदा म्हणालो.

तो चिडला नाही. "पोरीला काय कळतंय? ती बाई धा वर्सं घरात न्हाई. पोरीच्या येन्या कुनी घातल्या? टायफाईड झाला तवा म्हैनाभर उशाशी कोन बसलं? अंबी. मग नाव कुनाचं लावायचं, तुमीच सांगा." त्याच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं मला काही सापडलं नाही. त्यानं रेघ मारली, वर 'अंबाबाई' लिहिलं, सही केली. बाराशे पत्रिका छापल्या. मी त्या दोनदा वाचल्या. एक वेलांटीसुद्धा चुकली नव्हती.

लग्नाचं बोलावणं शेठला होतं. शेठना गुडघ्याचा त्रास, म्हणून त्यांनी मला धाडलं. माइकवर सोपान होता, तर त्याच्याच मोटारसायकलवर बसून गेलो. मांडव गेणभाऊच्या दारातच, रस्त्याला लागून. मुहूर्त दुपारी बारा चाळीसचा. उतरलो आणि रस्त्यापलीकडच्या करंजाखाली भागूबाई उभी दिसली. अंगावर नवं हिरवं लुगडं होतं. कडक इस्त्रीच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. मी जवळ गेलो.

"पत्रिकेत?" तिनं विचारलं.

"नाही."

तिनं मान हलवली. "बरं झालं, सांगितलंत. मी लांबनंच बघीन. अक्षता पडल्या की तीनची एसटी हाय."

मी मांडवात गेलो. राखीव फळीपासून आमची दोस्ती जमली होती आणि लग्नांत सोपानच्या शेजारी माझी खुर्ची ठरलेली असायची. त्याला चष्म्याशिवाय वाचता यायचं नाही, आणि चष्मा लावून माइकवर उभं राहणं त्याला कमीपणाचं वाटायचं. म्हणून लोकांनी पाठवलेल्या चिठ्ठ्या मी त्याच्या कानात वाचायच्या आणि त्यानं त्या सात शिवारांना ऐकवायच्या. चिठ्ठ्या नेहमीच्याच होत्या. अमुक गावचे पोलीस पाटील आले आहेत, त्यांचं स्वागत. पांढरी जीप वाटेत उभी आहे, ती काढावी. मंगलाष्टकांना दहा मिनिटं राहिली होती. नवरदेव पाटावर उभा होता. नवरी अजून मागच्या खोलीतच होती आणि दोन बायका तिला आणायला जाऊन हात हलवत परत आल्या होत्या.

मग एक चिठ्ठी हातोहात पुढं आली. वहीचा कागद, चार घड्या घातलेला. उघडला.

'राखीव फळीच्या भागूबाई (घाटघर) यांना बोलावणे आहे. चौघेही अडकले आहेत. त्यांनी मांडवात यावे.'

भागूबाई या नावाखाली रेघ होती. ती आल्याचं आत कुणी सांगितलं, मला माहीत नाही. लग्नघरात बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. पण ही पोरगी चार वर्षं माझं शेवटचं पान वाचत आली होती, हे मला त्या घटकेला कळलं. नियमसुद्धा तिला पाठ होता.

मी गप्प झालेला पाहून गेणभाऊ जवळ आला. "काय हाय?" त्यानं चिठ्ठी माझ्या हातून घेतली आणि सावकाश वाचली. अक्षर त्यालाही ओळखता येत होतं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाराशे पत्रिका गावोगाव वाटून झाल्या होत्या, समोर हजार माणूस बसलं होतं आणि व्याही पहिल्या रांगेत होते. त्यानं चिठ्ठी मला परत दिली.

"खोडा त्ये," तो हळू आवाजात म्हणाला.

लाल पेन माझ्या खिशाला होतं. गिऱ्हाइकानं म्हणावं आणि मी करावं, यातच माझी बावीस वर्षं गेली होती. मी पेन काढलंही. पण हात पुढं जाईना. मला तळचा खण आठवला आणि कागदावर टेकलेलं ते बोट आठवलं.

"खोडणं माझं काम नव्हे, गेणभाऊ," मी म्हणालो. "ते गिऱ्हाईक करतं. आणि ह्या चिठ्ठीचं गिऱ्हाईक तुमची मुलगी आहे."

पेन मी त्याच्यापुढं धरलं. त्याला स्वतः रेघ मारायची असती तर मी अडवलं नसतं. तेवढा धीट मी नाही. त्यानं पेनाकडं पाहिलं, मग मागच्या खोलीच्या बंद दाराकडं. दोनदा मारलेली रेघ तिसऱ्यांदा त्याच्यानं मारवली नाही. तो वळला आणि मांडवाच्या खांबाशी जाऊन, पंगतीकडं तोंड करून उभा राहिला.

मी सोपानच्या कानात चिठ्ठी वाचली. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. त्याचंही नाव त्याच यादीत होतं. त्यानं घसा खाकरला, माइक तोंडापासून वीतभर लांब धरला आणि आवाज सोडला.

"राखीव फळीच्या भागूबाई, घाटघर! आपल्याला बोलावणं हाय! चौघंबी अडकल्यात! आपन मांडवात यावं!"

बँडवाले थांबले. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या, म्हातारी माणसं शेजाऱ्याला विचारायला लागली की कोणती फळी. पोरांना मात्र कुणाला विचारावं लागलं नाही. मागच्या रांगांतली पोरं खुर्च्यांवर चढली. "राखीव फळी! राखीव फळी!" एकच कालवा झाला. सोपाननं न सांगता दुसऱ्यांदा पुकारलं, आणि या वेळी खोलीचं दार उघडलं. हिरव्या चुड्यातली, मुंडावळ्या बांधलेली नवरी उंबऱ्यात येऊन थांबली. तिथून ती पुढं येईना. ती रस्त्याकडं बघत होती.

भागूबाईनं रस्ता ओलांडला. मांडवाच्या तोंडाशी चपला काढल्या, त्या जोडून बाजूला ठेवल्या आणि मधल्या वाटेनं चालत आली. पाटाशेजारी करवल्यांपुढं अंबाबाई उभी होती. तिनं मान वर केली नाही, पण ती पाऊलभर बाजूला सरकली. भागूबाई तिकडं गेली नाही. ती सरळ माझ्यापुढं येऊन थांबली. एवढ्या मांडवात तिला काही विचारता येईल असा मी एकटाच होतो.

"बोलावलं?" तिनं विचारलं.

"बोलावलं."

तिचा श्वास लागला होता. तिनं इकडं तिकडं पाहिलं आणि मला ऐकू येईल इतकंच बोलली, "आता काय करायचं असतंय?"

चार वर्षं मी तिला शेवटच्या पानावर बसवून ठेवलं होतं. दोन दिवस डोकं खाजवून मला जे सुचलं नव्हतं, तेच ती विचारत होती.

"मुलीच्या मागं जाऊन उभ्या राहा," मी म्हणालो.

"बास?"

"बास."

तिनं पदर खोचला आणि ती उंबऱ्याकडं निघाली. मला हुंदका आवरेना. पुढची चिठ्ठी पाण्याच्या टँकरची होती, एवढंच मला कळलं. अक्षरं काही लागेनात. सोपाननं ती माझ्या हातातून काढून घेतली, खिशातला चष्मा काढला आणि सगळ्या मांडवादेखत डोळ्याला लावला.